टॅपेट सेटिंग घरच्या घरी: जुन्या मोटरसायकलसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आजही वीस-पंचवीस वर्षांच्या स्प्लेंडर, सीडी १००, बॉक्सर, सुरुवातीच्या पल्सर आणि बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, इंजिनाच्या बुलेट उभ्या दिसतात. त्यातल्या निम्म्या रोज कामावर जातात. हे पान अशा गाड्यांच्या मालकांसाठी आहे, ज्यांना चार पाने (स्पॅनर) हातात धरता येतात आणि ज्यांची सकाळी तासभर बसायची तयारी आहे.

टॅपेट सेटिंग म्हणजे नेमकं काय करतात?

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या हेडमध्ये, आपल्या या गाड्यांत, दोन व्हॉल्व्ह असतात. इनलेटमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं, एक्झॉस्टमधून जळालेला धूर बाहेर जातो. कॅम म्हणजे उंचवटा असलेला फिरता दांडा, रॉकर म्हणजे मधे टेकवलेली आडवी पट्टी. कॅम फिरताना रॉकरचं एक टोक उचलतो, दुसरं टोक व्हॉल्व्हची दांडी दाबतं आणि व्हॉल्व्ह उघडतो. कॅमचा जोर सरला की स्प्रिंग व्हॉल्व्हला परत सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, घट्ट बसवते. रॉकरच्या टोकाला एक बारीक आट्यांचा स्क्रू असतो आणि त्याला लॉकनट. त्या स्क्रूचं टोक आणि व्हॉल्व्हच्या दांडीचं डोकं यांच्यामध्ये, इंजिन थंड असताना, केसाच्या जाडीएवढी फट ठेवायची असते. ती मोजायची आणि चुकली असेल तर दुरुस्त करायची, एवढंच हे काम.

फट लागते कारण धातू तापला की वाढतो. दहा सेंटिमीटर लांबीची पोलादी दांडी १०० अंश सेल्सिअसने तापली की साधारण ०.१२ मिमी लांब होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड चालत्या इंजिनात ६०० ते ७०० अंशांपर्यंत तापतं. ॲल्युमिनिअमचं हेडही सोबत वाढत असल्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही, पण फट मुळातच नसेल तर लांब झालेल्या दांडीला जागा उरत नाही आणि व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकतच नाही.

माझ्या गाडीला टॅपेट आहेत का?

आरएक्स १००, जुनी येझदी, जावा, लुना, जुनी टू-स्ट्रोक चेतक: नाहीत. टू-स्ट्रोकला हे व्हॉल्व्हच नसतात, त्यामुळे "आरएक्सचे टॅपेट किती ठेवू" या प्रश्नाला उत्तर नाही. तिथे टकटक येत असेल तर पिस्टन, रिंग किंवा बेअरिंगकडे बघा.

रॉयल एनफिल्डच्या २००९ च्या सुमारास आलेल्या युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनात, म्हणजे पहिल्या क्लासिकच्या पिढीतल्या गाड्यांत, हायड्रॉलिक टॅपेट आहेत. ते तेलाच्या दाबावर फट आपोआप भरून काढतात, सेट करायला काही ठेवलेलंच नाही. ड्यूक ३९० सारख्या गाड्यांत स्क्रूच्या जागी शिम म्हणजे मोजून बसवलेल्या चकत्या असतात. तिथे आधी सगळी मापं घ्यायची, मग हव्या त्या जाडीची चकती आणायची, कॅम उतरवायचा. ते काम या पानाच्या कक्षेबाहेर आहे.

बाकी स्क्रू आणि लॉकनटवाल्या सगळ्या गाड्यांना पुढचं सगळं लागू.

टॅपेटचा आवाज अजिबात येत नाही. म्हणजे सेटिंग उत्तम आहे ना?

तसं नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

जुन्या इंजिनात दोन ठिकाणी झीज होते आणि तिचे परिणाम उलटे असतात. रॉकरचं टोक, स्क्रूचं तोंड, कॅमचा उंचवटा झिजला की फट वाढते आणि आवाज येऊ लागतो. पण व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजली, की व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा आत रुतून बसतो, त्याची दांडी तेवढीच रॉकरच्या बाजूला सरकते आणि फट कमी होते. एक्झॉस्टच्या बाजूला बहुतेक वेळा हाच प्रकार जास्त चालतो. गाडी वर्षागणिक शांत होत जाते आणि मालक खूश होतो.

आत काय चाललेलं असतं ते बघा. व्हॉल्व्हला थंड व्हायला मुख्य वाट एकच: सीटवर टेकला की उष्णता सीटमधून हेडमध्ये आणि तिथून फिन्समध्ये जाते. ५००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला २५०० वेळा, म्हणजे सेकंदाला चाळीसहून जास्त वेळा उघडतो, आणि प्रत्येक वेळी टेकण्याचा क्षण फार थोडा असतो. फट संपली की तो क्षणही आखडतो. व्हॉल्व्ह नीट टेकत नाही, कडेच्या बारीक फटीतून जळता वायू निसटतो आणि कड जळत जाते. एकदा का कडेला खाच पडली की मग टॅपेट कितीही सेट करा, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, परत येत नाही. हेड उतरवणं, नवा व्हॉल्व्ह, कदाचित गाईड, सीट कटिंग, व्हॉल्व्ह घासून बसवणं असा सगळा खर्च समोर येतो.

टॅपेट टाइट झाल्याची लक्षणं अशी. सकाळी थंड गाडी बऱ्यापैकी चालू होते. कात्रज ते शिवाजीनगर गर्दीतून आलात, सिग्नलला उभे राहिलात, की स्लो, म्हणजे रेस न देता चालणारा इंजिनाचा वेग, आपोआप पडतं आणि गाडी बंद. मग किक मारून दमायचं. किकला नेहमीचा जोर लागत नाही, पाय सहज खाली जातो. दहा-पंधरा मिनिटं सावलीत उभी केली की निमूट चालू. गरम झाल्यावर दम तोडणारी इग्निशन कॉइल किंवा सीडीआय (ठिणगीची वेळ साधणारा इलेक्ट्रॉनिक डबा) सुद्धा असाच त्रास देते, पण तेव्हा किकचा जोर कमी होत नाही आणि प्लग काढून बघितला तर ठिणगी दिसत नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे टॅपेटच्या दुखण्यावर कित्येकदा कार्बोरेटर साफ होतो.

थोडा दोष आपलाही, ग्राहकांचा. आपण गॅरेजात जाऊन म्हणतो, "दादा, जरा आवाज येतोय, बघा ना." तो पाना लावतो, आवाज बंद होईपर्यंत स्क्रू आवळतो, आपण समाधानाने पैसे देतो. हवेने थंड होणाऱ्या या छोट्या इंजिनांना बारीक, एकसारखी टिकटिक असायलाच हवी. एक्झॉस्ट किंचित सैल राहिला तर थोडा आवाज आणि थोडा कमी पिकअप एवढंच नुकसान. किंचित टाइट राहिला तर व्हॉल्व्ह जातो. शंका असेल तेव्हा सैलकडे झुका.

मग टकटक येतेय ती टॅपेटचीच हे कसं ओळखायचं?

कॅम क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे १४०० आरपीएमच्या स्लोला प्रत्येक टॅपेटचे मिनिटाला ७०० ठोके. टॅपेटचा आवाज हलका, कोरडा, हेडच्या वरच्या भागातून येतो आणि रेस वाढवली तसा वाढतो. टायमिंग चेनचा आवाज खरखरीत असतो, बाजूच्या चेनच्या पोकळीतून येतो आणि रेस सोडताना जास्त जाणवतो. थंड इंजिनावर खडखड आणि गरम झाल्यावर गायब, तर पिस्टन सैल असण्याची शक्यता. खालून जड ठोका येतो, तर हे पान बंद करा आणि गाडी मेकॅनिकला दाखवा.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर टेकवून ऐकलं की जागा बरीच पक्की कळते. सायलेन्सर आणि फिरत्या भागांपासून हात आणि ओढणी-शर्ट लांब ठेवा.

फट किती ठेवायची? कुणी म्हणतं झिरो-पाच, कुणी म्हणतं झिरो-दहा.

तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये जे आहे तेच. आपल्या १०० ते १५० सीसी एअर-कूल्ड गाड्यांत हा आकडा साधारण ०.०५ ते ०.१५ मिमीच्या दरम्यान असतो, आणि एक्झॉस्टचा इनलेटएवढा किंवा थोडा जास्त. पण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदललेलं असतं. "पल्सरला इतकं" असं सरसकट सांगणारा माणूस कुठली पल्सर ते विचारत नसेल, तर त्याचा आकडा घेऊ नका. मॅन्युअल नसेल तर इंजिन नंबर आणि वर्ष सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून विचारून घ्या, आणि तो आकडा टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवा.

कुठली हत्यारं लागतील? पुण्यात कुठे मिळतील?

फिलर गेज हे मुख्य. पातळ पोलादी पात्यांचा जुडगा असतो, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली. घेताना दोन गोष्टी बघा: मापं मिलिमीटरमध्ये आहेत ना, आणि सर्वात पातळ पातं ०.०५ किंवा त्याहून पातळ आहे ना. काही संच जाड पात्यांपासून सुरू होतात, ते आपल्या कामाचे नाहीत. इंची गेज घरात पडलं असेल तरी चालेल (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग): २ थाऊ म्हणजे ०.०५ मिमी, ३ थाऊ म्हणजे जवळजवळ ०.०८, ४ थाऊ म्हणजे ०.१०.

याशिवाय टॅपेट चावी, म्हणजे स्क्रूच्या चौकोनी डोक्यावर बसणारी छोटी चावी, लॉकनटच्या मापाचा रिंग पाना, प्लग पाना, झाकणांच्या मापाचा रिंग पाना, आणि झाकणांच्या नव्या ओ-रिंग. पक्कड टॅपेटच्या स्क्रूला लावायची नाही. चौकोनी डोकं एकदा गोल झालं की पुढच्या वेळी ते पकडीलाही दाद देत नाही.

रविवार पेठेत बोहरी आळीत गेज आणि पाने मिळतात. ओ-रिंग, पॅकिंग आणि टॅपेट चावीसाठी नाना पेठेतली टू-व्हीलर स्पेअर्सची दुकानं. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात गेज दिसलंच, तर पाती उघडून बघा. गंजलेलं किंवा मुडपलेलं पातं चुकीचं माप दाखवतं, आणि स्वस्तात घेतलेलं खोटं माप काय कामाचं? पाने मात्र तिथे उत्तम मिळतात.

इंजिन "थंड" म्हणजे किती थंड?

होंडाच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ३५ अंश सेल्सिअसची दिलेली असते. याचा पुण्यात अर्थ असा, की एप्रिल-मे महिन्यात दुपारी गाडी रात्रभर उभी असली तरी ती "थंड" नसते, कारण हवाच त्याच्या वर गेलेली असते. सकाळी सातला, गाडी सुरू न करता, पार्किंगमधून बाहेर न काढता काम करा. "जरा गरम करून घेतो म्हणजे तेल फिरेल" हा विचार सोडा. डिसेंबरात मात्र दुपारीही चालतं.

प्रत्यक्ष काम कसं करायचं?

गाडी मेन स्टँडवर घ्या, पेट्रोल कॉक बंद करा. टॅपेटच्या झाकणांभोवतीची माती आधी ब्रशने झाडा, मग डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा. स्प्लेंडर-सीडी १०० च्या इंजिनाचा सिलिंडर आडवा असतो, त्यामुळे इनलेटचं झाकण वर आणि एक्झॉस्टचं खाली. खालच्या झाकणावर पुढच्या चाकाने उडवलेला चिखल कायम बसलेला असतो आणि ते उघडलं की थोडं तेल सांडतं. खाली जुना ताट-ट्रे ठेवा. नाहीतर सोसायटीच्या फरशीवर डाग, आणि मग सेक्रेटरींची चिठ्ठी.

स्पार्क प्लग काढा. कॉम्प्रेशन निघून गेलं की इंजिन हाताने हलकं फिरतं. दोन्ही टॅपेटची झाकणं काढा. काही मॉडेलला सुटी झाकणं नसून अख्खं हेड कव्हर उतरवावं लागतं, आणि काहींना त्यासाठी टाकीही उचलावी लागते.

आता पिस्टन वर आणायचा. डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवर सहसा दोन झाकणं असतात. मधल्यातून क्रँकचा नट दिसतो, वरच्या लहान झाकणातून मॅग्नेटवरच्या खुणा. होंडा पद्धतीच्या इंजिनात 'एफ' ही ठिणगीची खूण आणि 'टी' ही पिस्टन अगदी वर असल्याची. आपल्याला टी हवी. क्रँकच्या नटला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा. स्प्लेंडरला डावीकडून बघताना ही दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते. दिशेचा घोळ नको असेल तर टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवा, इंजिन आपोआप योग्य दिशेने फिरतं.

इनलेटच्या रॉकरवर नजर ठेवा. तो खाली दाबला जातो, मग वर येतो. तो पूर्ण वर आल्यानंतर जी पहिली टी खूण येते, तिथे थांबा. हा कॉम्प्रेशनचा टीडीसी (पिस्टन अगदी वर असण्याची जागा). आता दोन्ही रॉकर बोटाने हलवले तर किंचित हलायला हवेत.

स्क्रूच्या टोकाखाली ठरलेल्या जाडीचं पातं सरकवा. आधी पातं तेलाच्या फडक्याने पुसून घ्या, कचऱ्याचा एक कण माप बिघडवतो. पातं न अडकता आत जावं, पण ओढताना हलकासा रेटा जाणवावा. वहीच्या पानात दाबून ठेवलेली फीत ओढताना जाणवतो तेवढा. मग त्याहून एक माप जाड पातं घालून बघा: ते गेलं नाही पाहिजे. गेलं तर फट जास्त आहे.

दोन्ही बरोबर असतील तर काहीच करू नका. बरोबर असलेलं सेटिंग "एवढं उघडलंच आहे तर" म्हणून सोडवणाऱ्यांची संख्या पुण्यात कमी नाही.

टी खूण जुळवली, पण दोन्ही रॉकर घट्ट आहेत. पातं जातच नाही.

बहुतेक तुम्ही चुकीच्या टीडीसीवर आहात. क्रँक दोन फेऱ्या घेतो तेव्हा कॅमची एक फेरी होते, म्हणून टी खूण एका चक्रात दोनदा येते. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. दुसऱ्या वेळी एक्झॉस्ट बंद होत असतो आणि इनलेट उघडत असतो, दोन्ही थोडे दाबलेले. खात्री करायची असेल तर खुणेच्या अलीकडे-पलीकडे इंजिन जरासं हलवा. इंजिनासोबत रॉकरही वर-खाली होत असतील तर ही जागा चुकीची. क्रँक पूर्ण एक फेरी पुढे न्या.

या जागी फट "नाही" म्हणून स्क्रू सैल करणारे पुष्कळ. मग गाडी चालू केली की पत्र्याचा डबा वाजल्यासारखी वाजते. सुदैवाने ही चूक लगेच ऐकू येते.

मॅग्नेटच्या ओढीमुळे क्रँक नेमका खुणेवर थांबत नसेल आणि दोन-चार अंश पुढे जात असेल, तर काळजी करू नका. कॉम्प्रेशनच्या टीडीसीला रॉकर कॅमच्या गोल भागावर असतो, तिथे एवढ्याने फट बदलत नाही.

लॉकनट आवळला की फट बदलते. काय करू?

हे सगळ्यांचंच होतं. नट आवळताना स्क्रू आपल्यासोबत थोडा फिरतो, शिवाय आट्यांतली ढिलाई निघून जाते. स्क्रू चावीने घट्ट धरून ठेवा आणि नट पान्याने आवळा. पातं आत ठेवूनच आवळा, पण आवळल्यावर काढून पुन्हा घालून बघा. कुठल्या बाजूला किती सरकतं हे एक-दोनदा लक्षात आलं की आधीच तेवढी सूट देऊन ठेवता येते. अंदाजासाठी: स्क्रूच्या आट्यांचं अंतर अर्धा मिमी असेल तर अष्टमांश फेरीने फट सुमारे ०.०६ मिमीने बदलते. म्हणजे चावीची हालचाल घड्याळाच्या तोंडावर दीड तासाच्या खुणेएवढी, त्याहून मोठी नको.

नट फार जोरात आवळू नका. बारीक आटे असतात, स्लिप झाले की रॉकर बदलावा लागतो.

शेवटी इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून परत टी खुणेवर आणा आणि पुन्हा मोजा. हे टाळायचं नाही.

आमचे मेकॅनिक काका गेज न लावता बोटाने हलवून सेट करतात आणि गाडी मस्त चालते.

काही जणांच्या बोटांना ते खरंच कळतं, चाळीस वर्षं तेच केलेलं असतं. ती बोटं आपली नाहीत. शिवाय रॉकर हलवताना त्याच्या शाफ्टमधली झीजही हलते, त्यामुळे जुन्या गाडीत बोटाला फट आहे त्यापेक्षा मोठी वाटते आणि सेटिंग टाइटकडे जातं.

रस्त्यात अडलात आणि गेज नाही, तर ८० जीएसएमचा साधा प्रिंटरचा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. घरापर्यंत पोहोचण्यापुरता त्याचा आधार घ्या. व्हिजिटिंग कार्ड नको, ते फार जाड.

बीडाच्या बुलेटला हेच सगळं लागू होतं का?

तत्त्व तेच, पद्धत अगदी वेगळी. बीडाच्या बॅरलच्या जुन्या बुलेटला टॅपेट हेडमध्ये नसून उजव्या बाजूला बॅरलच्या खालच्या भागात, एका नटने धरलेल्या झाकणामागे असतात. आत दोन उभे पुशरॉड आणि त्यांच्या तळाशी सेटिंग. एक पाना टॅपेट धरायला, एक लॉकनटला, एक ॲडजस्टरला असे तीन पाने लागतात, तेही पातळ. साधे पाने जागेत मावत नाहीत, म्हणून बुलेटवाल्यांच्या पेटीत ग्राइंडरवर घासून बारीक केलेले पाने असतात.

गेज लागत नाही. थंड इंजिनावर, कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, पुशरॉड दोन बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे आणि वर-खाली अजिबात हलता कामा नये. फिरायला अडत असेल तर टाइट, वर-खाली खुळखुळत असेल तर सैल. एक्झॉस्टच्या बाबतीत इथेही शंका आली तर अगदी मोकळा फिरेल असा ठेवा.

झाकण परत बसवताना नट बेताने. तेल गळतंय म्हणून आणखी आवळलं की झाकण वाकतं आणि गळती वाढते. नवं पॅकिंग लावा, ते स्वस्त असतं.

मापात सेट केलं तरी आवाज जात नाही.

रॉकरचा किंवा स्क्रूचा तोंडाचा भाग तपासा. वर्षानुवर्षं ठोके खाऊन तिथे वाटीसारखा खड्डा पडतो. सरळ पातं त्या खड्ड्यावरून पुलासारखं जातं, गेज ०.०८ दाखवतं आणि खरी फट त्याच्या दुप्पट असते. स्क्रू बदलणं सोपं आणि स्वस्त आहे, तिथून सुरुवात करा. रॉकर आणि कॅमच्या पृष्ठभागावर खवले पडले असतील तर तेलाचा मार्ग तुंबलाय का तेही बघायला हवं, नाहीतर नवे भागही तसेच खराब होतील.

सेट केल्यावर गाडी किकच धरत नाही.

प्लग परत लावलात? कॅप बसवलीत? पेट्रोल कॉक? हसू नका. हे तीन ठीक असतील तर दोन्ही फटी पुन्हा मोजा, मिमी आणि थाऊच्या पात्यांचा गोंधळ झाला नाही ना ते बघा. फटी बरोबर असूनही किकला जोर नसेल तर व्हॉल्व्ह आधीच जळलेला असण्याची शक्यता मोठी. मेकॅनिककडून कॉम्प्रेशन मोजून घ्या.

दर थोड्या दिवसांनी एक्झॉस्ट टाइट होतोय.

एक तर लॉकनट धरत नाहीये, पण तेव्हा फट कधी वाढेल, कधी कमी होईल. सातत्याने कमीच होत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततोय किंवा व्हॉल्व्हच ताणला जातोय. टॅपेट सैल करत राहून हे थांबत नाही. हेड उतरवायची वेळ आली आहे, आणि व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडण्याआधी उतरवलेलं बरं.

लॉकनट आत पडला!

इंजिन फिरवू नका, किक तर मुळीच नाही. टॉर्च लावून बघा, दिसत असेल तर चुंबकाच्या काडीने निघतो. दिसत नसेल तर टायमिंग चेनच्या पोकळीतून खाली गेलेला असू शकतो. ड्रेन प्लग उघडून तेल काढून बघा. तरीही नसेल तर साइड कव्हर उघडावं लागेल. हे टाळायला काम सुरू करतानाच पोकळीच्या तोंडाशी स्वच्छ, धागे न सुटणारं फडकं ठेवा, आणि झाकण लावण्याआधी ते काढायचं लक्षात राहावं म्हणून लाल रंगाचं घ्या.

किती किलोमीटरनंतर तपासायचे?

मॅन्युअलमधला तक्ता पाळा. तो नसेल तर माझ्या मते रोजच्या शहरी वापरातल्या जुन्या गाडीला पाच हजार किलोमीटरला एकदा मोजून घेणं पुरे. ऑइल बदलाच्या एक दिवस आधी केलं तर आत पडलेला कचरा जुन्या तेलासोबत निघून जातो. हेडचं काम झालेलं असेल तर पहिल्या पाचशे ते हजार किलोमीटरमध्ये एकदा बघाच, कारण नव्या बसवलेल्या सीट आणि व्हॉल्व्ह थोडे स्थिरावतात. दर शनिवारी डबलसीट सिंहगड किंवा वरंध चढणाऱ्यांनी अंतर थोडं कमी करावं. चढावर खालच्या गिअरमध्ये, कमी वाऱ्यात, हेड जास्त तापतं.

प्रत्येक वेळी मोजलेला आकडा तारीख आणि किलोमीटरसह लिहून ठेवा, सेट करण्याआधीचा. दोन-तीन नोंदी झाल्या की कुठला व्हॉल्व्ह कुठल्या दिशेने चाललाय ते दिसतं, आणि हेडचं काम कधी येणार याचा अंदाज गॅरेजआधी तुम्हाला येतो.

ॲव्हरेज वाढेल का?

टॅपेट टाइट असल्यामुळे कॉम्प्रेशन गळत होतं तर हो, जाणवेल इतकं. आधीच बरोबर होते तर नाही.

मला हे स्वतः जमणार नाही. मेकॅनिकला काय सांगू?

गाडी आदल्या संध्याकाळी दुकानात ठेवून या आणि सकाळी थंड इंजिनावर काम करा म्हणून सांगा. चालवत नेऊन "पाच मिनिटांत करून द्या" म्हणालात तर तो गरम इंजिनावर करेल, त्याचा इलाज नाही. "आवाज घालवा" हे शब्द वापरू नका. मॅन्युअलचा आकडा कागदावर लिहून द्या, गेज लावूनच करा म्हणा, आणि आधी किती फट होती तेही विचारा. त्याच्याकडे पातळ पात्यांचं गेज नसेल तर आपलं न्या. काम झाल्यावर ते परत मागून घ्यायला विसरू नका.